पेल्टियर लावताना आधी गरम बाजूचा विचार करा

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांजवळ जातो, तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या बंद इलेक्ट्रिकल पॅनेलसाठी पेल्टियर (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती) लावावा असं अनेकांना वाटतं. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 8-10 अंश जास्त चालणार असेल, तर फिल्टर आणि दोन पंखे पुरतात. पेल्टियर घेऊच नका. बाहेरच्यापेक्षा कमी तापमान हवं असेल तरच तो कामाचा.

टीईसी१-१२७०६ ही 40 मिमी चौरस पेल्टियर चकती 12 व्होल्टवर साधारण 50 वॅट खाते. आतून ओढलेली उष्णता अधिक हे 50 वॅट, सगळं गरम बाजूच्या हीटसिंकनं (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) बाहेर टाकायचं असतं. हीटसिंक लहान पडला की थोड्या वेळात थंड बाजूही तापू लागते. म्हणून पंख्यासह मोठा, सीपीयू कूलरसारखा हीटसिंक घ्या. हीटसिंकशिवाय 12 व्होल्ट क्षणभरही देऊ नका. गरम बाजू ओळखायला 1.5 व्होल्टचा सेल पुरतो.

एका चकतीला 12 व्होल्ट देण्यापेक्षा दोन चकत्या सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकीला 6 व्होल्ट मिळतात आणि तापमानातला फरक बेताचा असेल, तर जवळपास तेवढाच गारवा बऱ्याच कमी विजेत मिळतो. हा बदल खरंच करण्यासारखा आहे.

चकती आणि हीटसिंकमध्ये थर्मल पेस्ट (उष्णता नीट पोचवणारा लेप) पातळ लावा, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकाच बाजूनं आवळल्यास चकतीचं सिरॅमिक तडकतं. पावसाळ्यात थंड बाजूला पाणी सुटतं, त्यामुळे चकतीच्या कडा सिलिकॉननं बंद करा आणि ठिबकणारं पाणी सर्किटपासून दूर जाईल अशी वाट ठेवा.