ग्राफिक्स कार्ड तापतंय? वॉरंटी असेपर्यंत स्क्रू खोलू नका

आधी दोष कार्डाचा की कॅबिनेटचा, ते ठरवा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो (कार्डाचं तापमान दाखवणारी सॉफ्टवेअर) चालू ठेवून २० मिनिटं एखादा जड गेम खेळा आणि कोर (मुख्य चिप) व हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा), दोन्ही तापमानं लिहून ठेवा. मग कॅबिनेटची बाजूची झडप काढून तोच गेम तेवढाच वेळ पुन्हा खेळा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर कार्ड ठीक आहे, हवा खेळत नाहीये: समोरची जाळी साफ करा, मागे हवा बाहेर टाकणारा पंखा आहे ना ते बघा.

धूळ उडवताना पीसी बंद, प्लग काढलेला, आणि कार्डाचा पंखा बोटाने धरलेला हवा. हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं.

झडप काढूनही फरक नाही आणि हॉटस्पॉट कोरपेक्षा ३० अंशांनी जास्त? मग बहुधा चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही. इथेच लोक घाईने पेस्ट बदलायला जातात आणि स्क्रूवरचं सील फाटतं, मग वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ते काम सर्व्हिस सेंटरचं, त्यांनाच करू द्या. बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि तापमानाचे स्क्रीनशॉट सोबत न्या. नुसतं ‘गरम होतं’ म्हणाल तर कार्ड तसंच परत येण्याची शक्यता जास्त.

तोवर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्ड किती वीज खाईल त्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर ठेवा. वेग थोडाच घटतो, उष्णता बरीच.

गेम वगैरे काही चालू नसताना, नुसता डेस्कटॉप उघडा असताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, बऱ्याच कार्डांत तशीच रचना असते.