‘नको’ म्हणणाऱ्याचे ऐकणारी कुकी-सूचना : ऑनलाइन जाहिरातींच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन २०१९ साली मी पुण्यातील एका छोट्या एजन्सीत रुजू झाले, तेव्हा कुकी-संमतीची सूचना लावणे हा आपल्या कामाचा भाग आहे असे मला कोणी सांगितले नव्हते. कुकी म्हणजे संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी नोंद, आणि ही सूचना तिच्यासाठी परवानगी मागते. जाहिरातीचा मजकूर, जाहिरातीच्या जागेसाठी लावायची बोली, बजेट आणि लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारे पान) एवढे आमच्याकडे, आणि संकेतस्थळाच्या तळाशी दिसणारी ती पट्टी डेव्हलपरकडे किंवा वकिलाकडे, अशी वाटणी सर्वांनी धरून चालली होती. युरोपातील ग्राहकांच्या मोहिमा हाती आल्यावर ही वाटणी टिकणारी नाही हे लक्षात आले. ज्या कुकींसाठी परवानगी मागायची असते त्यांतल्या बहुतेक आपल्याच मोहिमेसाठी आलेल्या असतात. कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीमुळे झालेली खरेदी किंवा नोंदणी, मोजणारा टॅग (पानावर लावलेला छोटा कोड) आपणच मागवलेला असतो, रीमार्केटिंगची, म्हणजे येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याची, यादी आपणच बांधत असतो आणि समाजमाध्यमाचा पिक्सेल, म्हणजे त्यांचा तसाच टॅग, हाही आपल्याच सांगण्यावरून पानावर चढलेला असतो.

घरगुती वस्तू विकणाऱ्या एका फ्रेंच दुकानाच्या मोहिमेत मला पहिला धडा मिळाला. त्यांच्या संकेतस्थळावर पट्टी होती, तिच्यावर ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन्ही बटणे होती, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तो विषय संपलेला होता. मोहीम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी मी ते पान जुन्या कुकी नसलेल्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडले, कोणतेही बटण न दाबता ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील ‘ॲप्लिकेशन’ हा भाग पाहिला, तर गूगल ॲनालिटिक्स या मोजमापाच्या सेवेची ‘_जीए’ आणि फेसबुक पिक्सेलची ‘_एफबीपी’ या दोन्ही कुकी तिथे आधीच लिहिल्या गेल्या होत्या. ‘नाकारा’ दाबून पान पुन्हा उघडले तरी त्या जागच्या जागी होत्या. शोध घेतल्यावर कळले की पूर्वीच्या एका एजन्सीने हे दोन्ही कोड थेट संकेतस्थळाच्या थीमच्या हेडरमध्ये चिकटवले होते, तर संमतीचे साधन (पट्टी दाखवून निर्णय नोंदवणारे सॉफ्टवेअर) फक्त गूगल टॅग मॅनेजर या टॅग एका जागी सांभाळणाऱ्या सेवेमधून जाणाऱ्या टॅगांवर नियंत्रण ठेवत होते. पट्टी व्यवस्थित दिसत होती, पण तिचे एकही बटण त्या दोन कोडांना जोडलेले नव्हते. त्या दिवसापासून पट्टी कशी दिसते हे मी सर्वांत शेवटी तपासते. बटण दाबण्यापूर्वी काय काय चालू होते हे सर्वांत आधी.

कायद्याची माहिती नवख्यांनी अगदी थोडी, पण नेमकी ठेवावी. युरोपात सारे काही २५ मे २०१८ रोजी लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यामुळे आले असा समज आहे, तो अर्धाच बरोबर आहे. कुकीसाठी संमती घेण्याचे बंधन त्याहून जुन्या, २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात आहे. २००९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ५(३) ने असे ठरवले की वापरकर्त्याच्या उपकरणावर काही साठवायचे किंवा तिथले काही वाचायचे तर आधी त्याची संमती हवी, आणि वापरकर्त्याने स्वतः मागितलेल्या सेवेसाठी जे अत्यावश्यक आहे ते याला अपवाद. जीडीपीआरने या संमतीची कसोटी कडक केली : ती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. ‘आम्ही कोणाचे नाव किंवा फोन नंबर घेत नाही, मग संमती कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. त्याचे उत्तर १ ऑक्टोबर २०१९ च्या ‘प्लॅनेट ४९’ खटल्यात आहे. जर्मनीतील एका ऑनलाइन सोडतीच्या पानावर कुकीच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशी खूण संमती ठरत नाही असे सांगितले, कुकीतील माहिती वैयक्तिक असो वा नसो नियम तोच राहील असेही सांगितले, आणि कुकी किती काळ टिकते व ती इतर कंपन्यांना वाचता येते का हे वापरकर्त्याला कळवणे आवश्यक ठरवले.

नाकारण्याची सोय स्वीकारण्याइतकीच सोपी असावी, हा मुद्दा ग्राहकाला पटवणे सर्वांत अवघड जाते. ‘स्वीकारा’ ठळक रंगात आणि ‘नाकारा’ आतल्या तिसऱ्या पडद्यावर, अशी रचना त्याला विक्रीच्या सवयीतून स्वाभाविक वाटते. अशा वेळी मी फ्रान्सच्या ‘क्निल’ या नियामक संस्थेचा ३१ डिसेंबर २०२१ चा निर्णय समोर ठेवते. त्यात गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड झाला, तो एका दाबात स्वीकारता येते पण नाकारायला अनेक टप्पे पार करावे लागतात याच कारणासाठी. पण मला स्वतःला दंडापेक्षा दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या माणसाने नको म्हणण्याचा मार्ग सापडला नाही म्हणून ‘स्वीकारा’ दाबले, त्याच्या मागे आठवडाभर फिरणारी जाहिरात त्याला दुकानाजवळ आणत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळते. पहिले काम यादीचे. संकेतस्थळावरील आणि मोहिमेच्या पानांवरील प्रत्येक कुकीचे नाव, ती कोण लिहितो, कशासाठी आणि किती दिवस, हे एका तक्त्यात लिहावे. संमतीची तयार साधने आपोआप छाननी करून अशी यादी देतात, पण त्या छाननीला ‘धन्यवाद’ पान, सूट-कोडाची मध्येच उघडणारी खिडकी (पॉप-अप) किंवा चॅटचा चौकोन उघडल्यावर येणाऱ्या कुकी अनेकदा सापडत नाहीत. तिथपर्यंत स्वतः ग्राहक होऊन चालत जावे लागते. यादी झाल्यावर वर्गवारी करावी. खरेदीची टोपली, लॉगिन आणि वापरकर्त्याने दिलेला संमतीचा निर्णय लक्षात ठेवणारी कुकी या अत्यावश्यक होत. मोजमापाच्या कुकींना ‘अत्यावश्यक’ म्हणण्याचा मोह टाळावा. फ्रान्समध्ये केवळ प्रेक्षक-मोजणीसाठी ठरावीक अटींवर सवलत आहे, पण जाहिरातीशी जोडलेले ॲनालिटिक्स त्या अटींत बसत नाही.

त्यानंतर येतो क्रम, आणि बहुतेक चुका इथेच होतात. ‘सर्व काही नाकारलेले आहे’ ही मूळ स्थिती कोणताही टॅग सुरू होण्याआधी जाहीर व्हायला हवी. टॅग मॅनेजरमध्ये त्यासाठी ‘कन्सेंट इनिशिअलायझेशन’ हा वेगळा ट्रिगर (टॅग केव्हा चालवायचा हे ठरवणारी अट) आहे, जो इतर सर्व ट्रिगरांच्या आधी चालतो. संमतीचे साधन साध्या ‘पेज व्ह्यू’ ट्रिगरवर लावले तर पट्टी आणि पिक्सेल यांच्यात शर्यत लागते आणि कधी एक जिंकते, कधी दुसरे. कार्यालयातील वेगवान इंटरनेटवर सारे ठीक दिसते आणि मोबाइलवर नाही. अशी चूक शोधायला मला एकदा दोन दिवस लागले होते.

मोहिमांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे लँडिंग पेज बहुधा मुख्य संकेतस्थळाबाहेर, एखाद्या पान बांधणाऱ्या सेवेवर बनवलेले असते. तिथे पट्टी लावायची राहून जाते, कारण मुख्य संकेतस्थळावर ती आहे हे सर्वांना ठाऊक असते. पान त्याच डोमेनच्या उपडोमेनवर असेल तर संमतीची कुकी मूळ डोमेनवर लिहून निर्णय दोन्हीकडे वापरता येतो. डोमेनच वेगळे असेल तर ब्राउझर ती कुकी तिकडे देत नाही आणि संमती नव्याने विचारावी लागते. दुसरी अडचण जाहिरातीवरील क्लिकच्या ओळख-क्रमांकाची. गूगलच्या जाहिरातीवरून आलेला माणूस जे पान उघडतो त्याच्या वेब-पत्त्यात (यूआरएलमध्ये) तो क्रमांक जोडलेला असतो. त्याने पहिल्या पानावर पट्टीकडे दुर्लक्ष केले आणि दुसऱ्या पानावर जाऊन ‘स्वीकारा’ दाबले, तर तोपर्यंत पत्त्यातील क्रमांक गेलेला असतो आणि संमती मिळूनही विक्रीचे श्रेय मोहिमेला लागत नाही. पट्टी पानाचा मुख्य मजकूर न झाकता पण नजरेस पडेल अशी पहिल्याच पानावर ठेवावी, आणि बटण दाबल्यावर पान पुन्हा लोड करणारी मांडणी टाळावी. क्रमांक पत्त्यातूनच पुढच्या पानाकडे नेण्याची सोय गूगलच्या टॅगमध्ये आहे, पण ती सुरू करण्यापूर्वी ग्राहकाच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याला विचारावे.

गूगलची ‘कन्सेंट मोड’ ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय आज हे काम करता येत नाही. मार्च २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातील लोकांसाठी रीमार्केटिंग आणि मोजमाप नीट चालू ठेवायचे तर गूगलला चार संकेत पाठवावे लागतात : जाहिरातीसाठी साठवण, मोजमापासाठी साठवण, जाहिरातीसाठी वापरकर्त्याची माहिती पाठवणे आणि वैयक्तिक आवडीनुसार जाहिरात दाखवणे. या व्यवस्थेचे दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारात संमती मिळेपर्यंत गूगलचे टॅग सुरूच होत नाहीत. प्रगत प्रकारात ते सुरू होतात, कुकी लिहीत नाहीत, पण पान उघडल्याची कुकीविरहित नोंद गूगलकडे पाठवतात आणि त्यांवरून गूगल न दिसलेल्या विक्रीचा अंदाज बांधते. अहवालात प्रगत प्रकार अधिक चांगला दिसतो. तरीही मी नव्या ग्राहकाकडे साधा प्रकारच लावते आणि प्रगत हवा असेल तर त्यांच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याची लेखी मान्यता मागते, कारण ‘नको’ म्हटल्यावरही काहीतरी पाठवले जाते ही गोष्ट सामान्य माणसाला समजावून सांगता येईल अशी मला वाटत नाही.

तपासणीसाठी डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ हा भाग उघडा ठेवावा. गूगलकडे जाणाऱ्या प्रत्येक नोंदीत ‘जीसीएस’ नावाचा एक घटक असतो. त्याची किंमत ‘जी१००’ असेल तर जाहिरात व मोजमाप दोन्ही नाकारलेले, आणि ‘जी१११’ असेल तर दोन्ही स्वीकारलेले आहेत. साध्या प्रकारात नाकारल्यावर अशी नोंदच दिसता कामा नये. माझी तपासणी चार फेऱ्यांत होते : काहीही न दाबता, नाकारून, फक्त मोजमाप स्वीकारून, आणि सर्व स्वीकारून नंतर संमती मागे घेऊन. ही शेवटची फेरी बहुतेक जण गाळतात. संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे असे जीडीपीआरचे कलम ७ सांगते, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कुकी सेटिंग्ज’ हा दुवा हवा, आणि तो वापरल्यावर टॅग थांबले का, आधी लिहिलेल्या कुकी पुसल्या गेल्या का, हे दोन्ही पाहायला हवे. संमती घेतल्याचे दाखवून देण्याची जबाबदारीही त्याच कलमाने संकेतस्थळाच्या मालकावर टाकली आहे, त्यामुळे कोणत्या दिवशी सूचनेचा कोणता मजकूर दिसत होता याच्या प्रती जपाव्यात.

पट्टी नीट बसवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाचा फोन येतो, हे गृहीत धरावे. त्या फ्रेंच दुकानाच्या बाबतीतही अहवालातील विक्री घसरली आणि आम्ही मोहीम बिघडवली असा त्यांचा समज झाला. आम्ही त्यांच्या दुकानाच्या प्रणालीतील प्रत्यक्ष ऑर्डरींची संख्या मागवली. ती जवळजवळ तेवढीच होती. कमी झाली होती ती दिसणारी विक्री. त्यानंतर मी मोहीम सुरू होण्यापूर्वीच ग्राहकाला पत्राने कळवते की जाहिरात-अहवालातील आकडे घटतील, आधीच्या महिन्यांशी त्यांची सरळ तुलना करू नये आणि खरी मोजणी ऑर्डरींच्या नोंदवहीवरून करावी. नवख्यांनी हे पत्र स्वतः लिहायला शिकावे. मला तरी टॅग लावण्यापेक्षा ते अवघड गेले.

महाराष्ट्रातील ग्राहकांकडे हा विषय आता येऊ लागला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्यात कुकीचा नावाने उल्लेख नाही. वैयक्तिक माहितीसाठी मात्र संमती आणि तिच्यासोबत सूचना लागते, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठीतही. दहावी-बारावीच्या क्लासेसच्या मोहिमा करणाऱ्यांनी कलम ९ विशेष लक्षपूर्वक वाचावे. अठरा वर्षांखालील सर्वांना हा कायदा मूल मानतो, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती मागतो, आणि त्यांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई करतो. क्लासच्या पानावर येणारा विद्यार्थी बहुधा सोळा-सतरा वर्षांचाच असतो, त्यामुळे तिथे रीमार्केटिंगचा पिक्सेल न लावण्याचा सल्ला मी आतापासूनच देते.

मराठी सूचना लिहिताना इंग्रजी मजकुराचा शब्दशः अनुवाद उपयोगाचा नसतो, हे मी एका ग्राहकासाठी मजकूर लिहिताना अनुभवले. ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ हे वाक्य वाचून कोणालाही काहीच कळत नाही. त्याऐवजी आम्ही लिहिले : ‘तुम्ही इथे पाहिलेल्या साड्यांच्या जाहिराती तुम्हाला इतर संकेतस्थळांवर दाखवता याव्यात, यासाठी आम्ही तुमच्या फोनमध्ये एक खूण ठेवू इच्छितो. ही खूण ९० दिवस राहते आणि जाहिरात दाखवणारी कंपनीही ती वाचू शकते.’ बटणांवर ‘चालेल’ आणि ‘नको’ असे दोन शब्द, सारख्या आकारात आणि सारख्या रंगात ठेवले. ‘संमती’ हा शब्द कायद्याच्या मजकुरात ठीक आहे. पट्टीवर ‘परवानगी’ अधिक लवकर समजते, असे ग्राहकाच्या दुकानातील विक्रेत्यांनीच आम्हाला सांगितले.

सराव करण्यासाठी नोकरी लागण्याची वाट पाहण्याची गरज नाही. स्वतःचे एक चार पानांचे संकेतस्थळ तयार करावे, त्यावर टॅग मॅनेजरचे विनामूल्य खाते जोडावे, मोजमापाचा एक टॅग आणि संमतीचे एक साधन लावावे, आणि मुद्दाम क्रम चुकवून काय होते ते नेटवर्कच्या यादीत पाहावे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना मी एखादे पान उघडून देते आणि पट्टीला हात न लावता त्यावर कोणत्या कुकी आल्या व कोणी आणल्या एवढेच विचारते. त्यासाठी वीस मिनिटे देते आणि शेजारी बसून ते कोणत्या क्रमाने शोधतात ते पाहते.