एनओसी फाइलीत, कर्ज मात्र रिपोर्टात जिवंत

फोंड्याला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी चवथ आटोपल्यावर कलर मशीनसाठी कर्जाचा अर्ज केला. कागद घेणाऱ्या मुलाने स्क्रीनकडे बघून मान हलवली. ‘‘बाय, क्रेडिट स्कोर 664 आहे. तुमचं स्कूटरचं कर्ज थकलंय.’’

स्कूटरचा शेवटचा हप्ता मी मार्च 2021 मध्ये भरला होता. कर्ज फिटल्याची एनओसी घेतली होती, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजाही उतरवला होता. त्याच स्कूटरवर बसून मी अर्ज द्यायला गेले होते!

तुमच्यावर अशी वेळ आली तर भांडण काढू नका, आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्याकडे कर्जांची नोंद ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पैसे भरून पॅकेज घ्यायची गरज नाही. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोर उतरत नाही. ही भीती दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना असते.

स्कोर म्हणजे आपली पत सांगणारा 300 ते 900 मधला एक आकडा. त्याच्याकडे बघत बसू नका, खालची पानं प्रिंट करा आणि पेन्सिल घेऊन बसा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते. आमच्याकडे इथेच घोटाळा असतो. मी माहेरची गावडे, सासरची नाईक. पॅन जुन्या नावावर, आधार नव्या. त्यात फोंडा तालुक्यात दगड मारला तर तो एखाद्या नाईकालाच लागायचा. माझ्या रिपोर्टात मडगावचा एक पत्ता होता, जिथे मी कधी राहिलेच नाही, आणि त्या पत्त्यामागून एक फ्रिजचं कर्जही आलं होतं. त्या बाईचे हप्ते वेळेवर जात होते म्हणून बरं!

मग एकेक खातं. कर्ज आपलं आहे का, की कोणाला जामीन राहिलो ते? बंद झाल्याची तारीख आहे का? शिल्लक आणि थकबाकी शून्य आहे का? त्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा भरला ते सांगणारे. तिथे शून्य हवं. माझ्या स्कूटरच्या चौकोनांत आकडा महिन्यागणिक वाढत गेला होता आणि थकबाकी होती 590 रुपये.

हे 590 आले कुठून, ते शोधायला दोन फेऱ्या झाल्या. शेवटचा हप्ता मी काउंटरवर रोख भरला, त्याच दिवशी खात्यातूनही तो कापायला गेला आणि शिल्लक नसल्याने परतला. परतल्याचा दंड खात्यावर चढला. एनओसी एका टेबलावरून मिळाली, दंड दुसऱ्या टेबलावर राहिला. हे खास सांगते, कारण बंद कर्ज उघडं दिसतं तेव्हा अशी किरकोळ रक्कम अडकलेली आहे का, ते आधी विचारावं.

आता तक्रार. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घेऊन त्या कंपनीच्या साइटवर ‘डिस्प्यूट’ टाकायचा. त्याला पैसे पडत नाहीत. पण रिपोर्ट देणारी कंपनी मनाने काही खोडत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तो ‘बरोबर आहे’ म्हणाला की नोंद तशीच राहते. म्हणून त्याच दिवशी कर्ज देणाऱ्यालाही लेखी द्या. माझा अर्ज सहा ओळींचा होता: कर्ज खाते क्रमांक, रिपोर्टात काय आहे, काय हवं, सोबत एनओसी, शेवटची पावती, बोजा उतरलेल्या आरसीची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मी उठले नाही. फ्रिजच्या कर्जासाठी वेगळा अर्ज केला. दोन चुका एका कागदावर घातल्या की एकच सुटते.

‘पाच हजार द्या, स्कोर साफ करतो’ म्हणणारेही येतात. त्यांना ओटीपी देऊ नका. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही. डिचोलीला माझ्या भावाचा खाणीवर ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, हप्ते तुंबले, शेवटी कमी रकमेत तडजोड झाली. त्याच्या रिपोर्टात ‘सेटल्ड’ लिहिलंय. तो म्हणतो चूक आहे, मी म्हणते नाही, कारण सोडलेली रक्कम सोडलेलीच आहे. ती भरून ‘क्लोज्ड’ करून घेणं हाच त्याला रस्ता, डिस्प्यूट टाकून फायदा नाही. भाऊ अजून माझ्यावर रागावलेला आहे.

तारखा मात्र वहीत लिहून ठेवा. तक्रारीपासून 30 दिवसांत निकाल लागायला हवा; त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्याला दुरुस्ती पाठवायला असतात. 30 च्या पुढे गेलं तर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. उत्तरच आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर जाता येतं, तेही फुकट. माहितीसाठी 14448 वर फोन लावायचा. पण आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. तो शिक्का इथे कामाला येतो.

माझं फ्रिजचं कर्ज अठराव्या दिवशी गेलं. स्कूटरचं 34 व्या दिवशी बंद दिसलं. मी लगेच मशीनचा अर्ज केला नाही. चारही रिपोर्टांत दुरुस्ती उतरेपर्यंत थांबले. स्कोर 741 झाला. तक्रारीत बँक खाते क्रमांक लिहिला होता, म्हणून चार दिवसांचे 400 रुपये खात्यात आले. 590 चा दंडही कर्ज देणाऱ्यांनीच माफ केला, पण त्याचं पत्र मात्र मला तीनदा मागावं लागलं.