घरच्या रुग्णाची औषधे कशी सांभाळावीत

रुग्ण हॉस्पिटलमधून घरी आला की घोळ बहुधा पहिल्याच संध्याकाळी सुरू होतो, कारण घरात जुना डबाही असतो आणि नवी पिशवीही. म्हणून पहिला डोस द्यायच्या आधी फ्रिजवरच्या, उशाखालच्या, कपाटातल्या सगळ्या पट्ट्या, काढे आणि चूर्णे एका चादरीवर मांडा. डिस्चार्ज कार्ड शेजारी घ्या. पट्टीवरचे ठळक नाव बाजूला ठेवून खालच्या बारीक अक्षरांतले घटक वाचा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी घरात असणे नेहमीचे आहे, आणि मग दोन्ही दिली जातात. नावापुढचे एखादे अक्षरही महत्त्वाचे असते. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनपुढे ‘एच’ असेल तर त्यात लघवी वाढवणारे औषधही आहे, ‘एएम’ असेल तर अ‍ॅम्लोडिपिन आहे.

कार्डावर नसलेले जुने औषध आपल्या मनाने चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका. रक्तदाबाची काही औषधे एकदम थांबवली तर हृदयाला धोका असतो. यादी करून त्याच दिवशी डॉक्टरांना फोनवर विचारा. जे बंद झाले ते घरात ठेवू नका, नाहीतर महिनाभराने पुन्हा डब्यात शिरते.

आता तक्ता बनवा. औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच; अशा औषधापुढे दोन डोसांत किमान किती तास आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तापासाठी पॅरासिटामॉल दिली आणि सर्दीचीही गोळी दिली, तर त्या सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉलच असते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहानाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर वार लाल शाईने लिहा. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज दिली गेली तर जिवावर बेतते.

आठवड्याचा खणांचा डबा एकाच माणसाने, दिवसाउजेडी भरावा आणि दुसऱ्याने तक्ता वाचून तपासावा. पट्टी कापताना एक्स्पायरी छापलेले टोक शेवटपर्यंत राहू द्या.

गोळी देताना रुग्णाला बसते करा आणि गिळल्यावर तोंड बघा. वहीत वेळ आणि सही त्यानंतरच, आधी नाही. दिवसाची मावशी आणि रात्रीची मावशी बदलताना ही वही हातात देऊनच बदलाव्यात. ‘मी दिली असेल’ या एका वाक्यावर डोस दोनदा जातो. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटू नका. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम रक्तात जातो. नाकातून नळी असेल तर पातळ पर्याय आधी विचारा. नळीतून औषधे एकेक द्या, फीडमध्ये (नळीतून द्यायच्या पातळ आहारात) मिसळू नका, आणि आधी-नंतर साधारण ३० मिली पाण्याने नळी धुवा (पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या).

इन्सुलिनची चूक सर्वांत महाग पडते. आपल्याकडे बाटली दर मिलीला ४० युनिटचीही मिळते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरले तर शरीरात फक्त ८ युनिट जातात. उलट झाले, म्हणजे १०० च्या बाटलीला लाल सिरिंज लावली, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक खाली येते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी मोठ्याने वाचा. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीच काढू नका. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, पण फ्रीझरजवळ नाही. गोठलेले इन्सुलिन टाकून द्या. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, बहुतेक बाटल्या त्यानंतर चार आठवडेच वापरायच्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती खोलीत उघड्यावर ठेवू नका.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा आणि तक्ता व वही सोबत पाठवा.