कॅनडातून अमेरिकेत ऑनलाइन विकलेला माल पाठवायचा कसा: पोस्टेज, ड्युटी आणि बाकीची कटकट

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, सरी या भागात घरबसल्या विकणारे आपले लोक बरेच झालेत, कोणी खणाच्या पर्स विकतं, कोणी ऑक्सिडाइज्ड दागिने, कोणी घरी बनवलेले साबण, आणि ऑर्डर येते न्यू जर्सीहून नाहीतर टेक्सासहून. मग लगेच प्रश्न येतो, पोस्टेज किती पडेल? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की माल बनला कुठे, कारण आता पोस्टेजपेक्षा ड्युटी (बाहेरून देशात येणाऱ्या मालावरचा कर) जास्त पडायची वेळ येऊ शकते.

आधी सोपं होतं. ८०० अमेरिकन डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटी न भरता अमेरिकेत जायचं, २०१६ साली ही मर्यादा २०० वरून ८०० झाली होती आणि त्याच्या जोरावर इथल्या कितीतरी छोट्या विक्रेत्यांचा धंदा चालला. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्याच देशांसाठी बंद केली. आता पंधरा डॉलरचे झुमके असले तरी ड्युटीचा हिशोब लागतो.

१. माल कुठे बनला ते लिहून काढा

पार्सल कॅनडातून निघालं म्हणून माल कॅनडाचा होत नाही. तुळशीबागेतून आणलेले झुमके ब्रॅम्प्टनहून पाठवले तरी कस्टम्सच्या लेखी ते भारतात बनलेले, दर भारताचा लागणार, आणि तुळशीबागेतली वस्तू मुळात चीनहून आलेली असेल (नीट उलटून बघा, बऱ्याचदा असते) तर दर चीनचा. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी भारतातून येणाऱ्या बऱ्याचशा मालावरचा जादा टॅरिफ ५० टक्क्यांवर गेला होता, नंतर आकडे परत हलले, त्यामुळे दर पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही, लेबल बनवताना त्या दिवशी काय आहे ते बघायचं.

खरोखर कॅनडात बनलेल्या मालाला कुस्माची सूट मिळू शकते, म्हणजे कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १ जुलै २०२० पासून लागू असलेला करार. पण त्याचे नियम वस्तूवार वेगळे आहेत आणि कपड्यांचे फार कडक. खणाचं कापड इकडे आणून ब्लाऊज इथे शिवला तर तो कॅनडात बनला असं म्हणता येईल, पण कुस्माची सूट साधारणपणे मिळणार नाही, कारण कपड्यांना बहुतेक वेळा सूतसुद्धा उत्तर अमेरिकेतलं लागतं. तेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन घरी केलेल्या साबणाचं काम त्या मानाने सोपं. २५०० अमेरिकन डॉलरच्या आतल्या पार्सलला पूर्ण सर्टिफिकेट लागत नाही, माल कुस्मात बसतो असं इन्व्हॉइसवर लिहून दिलं की चालतं, पण लिहिलंय ते खरं पाहिजे आणि कच्च्या मालाच्या पावत्या जपून ठेवलेल्या पाहिजेत.

२. एचएस कोड शोधा

प्रत्येक वस्तूला निदान सहा आकडी एचएस कोड असतो, म्हणजे कस्टम्सवाले वस्तूचा प्रकार ज्यावरून ओळखतात तो नंबर. एकदा नीट शोधून एक्सेलमध्ये टाकून ठेवा, वस्तू, कोड, देश, वजन असे चार कॉलम पुरतात. छापील पुस्तकं ४९०१ मध्ये येतात आणि त्यांच्यावर अमेरिकेत मूळ ड्युटी शून्य आहे, म्हणजे मराठी पुस्तकं विकणाऱ्याचं दुखणं फक्त वजनाचं.

३. मोजा, फक्त तोलू नका

किचनमधला डिजिटल काटा चालतो, पण टेपसुद्धा घ्या. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो, आत एक किलोची पैठणी असली तरी! पैठणीला खोका कशाला, घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत आणि वरून पॉली मेलर, झालं. दागिन्यांना बबल मेलर, पण आतली डबी कडक घ्या. खोका थोडा लहान केला तर जेवढे वाचतात तेवढे कूपन शोधूनही वाचत नाहीत.

४. रस्ता निवडा

कॅनडा पोस्ट: हलक्या पाकिटाला ट्रॅक्ड पॅकेट यूएसए, जड असेल तर एक्स्पेडायटेड पार्सल. काउंटरवर जाऊन पैसे भरणं सगळ्यात महाग पडतं, आधी त्यांचा छोट्या धंद्यांसाठीचा फुकट प्रोग्राम आहे त्यात नाव घाला आणि लेबल घरी छापा. अमेरिकेत जाणाऱ्या मालाची ड्युटी आता पाठवणाऱ्यानेच आधी भरायची असते, कॅनडा पोस्टने त्यासाठी झोनॉस नावाच्या कंपनीशी व्यवस्था केलीय, ती आपली फी वेगळी लावते. ड्युटी न भरता पाठवलेलं पार्सल परत येतं, म्हणजे वेळही गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

मधले लोक: चिट चॅट्स, स्टॅलियन एक्सप्रेस असल्या कॅनडातल्या कंपन्या. त्यांच्या साइटवर लेबल बनवायचं, जवळच्या ब्रँचला पाकिटं टाकायची, ते सगळ्यांचा माल एकत्र करून ट्रकने बॉर्डरपार नेतात आणि पुढे यूएसपीएस (अमेरिकेचं पोस्ट) वगैरेच्या हातात देतात. आठवड्याला थोडीफार पाकिटं नेमाने जात असतील आणि ब्रँच जवळ असेल तर मी आधी यांचाच भाव बघेन. ब्रँच तासभर लांब असेल तर पेट्रोलमध्येच बचत जाते.

स्वतः बॉर्डर ओलांडणं: टोरोंटोवाले लुईस्टन किंवा बफलोला जातात, व्हँकूवरवाले ब्लेनला, नाहीतर पॉइंट रॉबर्ट्सला, जे अमेरिकेचं असूनही जमिनीवरून फक्त कॅनडातूनच गाठता येतं. तिथून यूएसपीएसची ग्राउंड अॅडव्हान्टेज नावाची पार्सल सेवा घेतली की ट्रॅकिंग आणि १०० डॉलरचा विमा धरूनही पोस्टेज स्वस्त बसतं, पुस्तकांना तर मीडिया मेल ही वेगळी स्वस्त सेवा. पण गाडीच्या डिकीतली पाकिटं हा तुमचा खासगी सामानसुमान नव्हे, तो विक्रीचा माल आहे. बूथवरच्या ऑफिसरला तसं स्पष्ट सांगायचं, इन्व्हॉइसची यादी द्यायची आणि ड्युटी भरायची. २५०० डॉलरपर्यंत साधी एंट्री (कस्टम्सची नोंद) होते, त्याच्या वर भानगड वाढते. "काही नाही, गिफ्ट आहेत" असं सांगून सुटणारे असतात, पण पकडला गेलात तर माल जातो आणि पुढे दरवेळी बॉर्डरवर गाडी बाजूला घ्यायला लावतात ते वेगळंच.

मोठी कुरिअर: महाग माल, घाईची ऑर्डर, किंवा तीनचार किलोच्या वरचं पार्सल असेल तर यूपीएस, फेडेक्सचा भाव जरूर काढा. फक्त ब्रोकरेज फी (कस्टम्सचं काम करून देण्याचे पैसे) भावात धरलीय का वेगळी आहे ते आधी विचारा, स्वस्त ग्राउंड सेवेत ती बहुतेक वेगळी असते.

शिवाय एकाच वाटेवर अवलंबून राहू नका. २०२४ मध्ये कॅनडा पोस्टचा संप १५ नोव्हेंबरपासून महिनाभर चालला, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर परत संप झाला. दुसऱ्या कंपनीत अकाउंट आधीच उघडून ठेवलेलं असलं की अशा वेळी पळापळ होत नाही.

५. भाव ठरवा आणि गिऱ्हाईकाला आधी सांगा

पोस्टेज, ड्युटी, ड्युटी भरणाऱ्या कंपनीची फी, पॅकिंग आणि साइटचं कमिशन, हे सगळं मिळवून मग भाव. मला ड्युटी भावातच धरलेली बरी वाटते, वेगळी ओळ दिसली की माणूस कार्ट सोडून जातो. आणि कॅनेडियन डॉलर का अमेरिकन डॉलर ते लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात लिहा, त्यावरून फार वाद होतात.

६. कस्टम्सचा फॉर्म

"ज्वेलरी" असं एका शब्दात लिहू नका. "पितळी कानातले, बायकांचे, १ जोडी, भारतात बनलेले" एवढं सगळं इंग्रजीत पाहिजे. किंमत तीच जी गिऱ्हाईकाने दिली. ओळखीची गिऱ्हाईकं हक्काने सांगतात, ताई गिफ्ट लिहा ना, किंमत कमी टाका ना. गोड बोलून नाही म्हणायचं. विकलेली वस्तू गिफ्ट होत नाही, आणि पार्सल हरवलं तर विमासुद्धा तुम्ही लिहिलेल्या कमी किमतीचाच मिळतो.

फराळाचं वेगळं आहे. घरी केलेल्या चकल्या बहिणीला भेट म्हणून पाठवल्या तर अमेरिकेच्या एफडीएला (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारं खातं) आधी कळवावं लागत नाही, पण तोच डबा विकला की आधी नोटीस द्यावी लागते आणि बाकीचे नियमही लागतात. दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे ऑक्टोबरमध्ये नाही, उन्हाळ्यातच बघावं.

उलट दिशेने, अमेरिकेतून कॅनडात

एडिसनहून टोरोंटोला पाठवणाऱ्यांसाठी हिशोब निराळा. पोस्टाने आलेला माल २० कॅनेडियन डॉलरच्या वर असला की टॅक्स लागू शकतो आणि वसुलीचे ९.९५ डॉलर कॅनडा पोस्ट वेगळे घेतं. समजा वस्तू ३५ डॉलरची आणि ड्युटी शून्य, तर ऑन्टारिओचा १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) ४.५५ आणि वरचे ९.९५, म्हणजे दारात १४.५० मोजायचे. तीच वस्तू कुरिअरने आली तर ४० डॉलरपर्यंत टॅक्स नाही आणि १५० पर्यंत ड्युटी नाही. म्हणजे २० ते ४० च्या मधल्या वस्तूला महाग वाटणारं कुरिअर गिऱ्हाईकाला स्वस्त पडू शकतं, कुरिअरने ब्रोकरेज लावलं नाही तर. ईबेवर विकत असाल तर त्यांचं इंटरनॅशनल शिपिंग चालू करा, तुम्ही माल अमेरिकेतल्याच पत्त्यावर पाठवायचा, पुढचं ते बघतात.

परत आलेला माल

भरलेली ड्युटी परत मागायची सोय कागदावर आहे, पण छोट्या रकमेसाठी त्यामागे लागणं परवडत नाही. म्हणून रिटर्नचा नियम आधीच लिहून ठेवा: स्वस्त वस्तू असेल तर पैसे परत द्या आणि वस्तू त्यांच्याकडेच राहू द्या, महाग असेल तर परतीचं पोस्टेज कोणाचं ते लिस्टिंगमध्येच. आणि परत येणाऱ्या पाकिटावर गिऱ्हाईकाला "परत आलेला माल" असं इंग्रजीत लिहायला लावा, सोबत मूळ इन्व्हॉइसची कॉपी घालायला सांगा, नाहीतर आपलाच माल आपल्याकडे येताना त्याच्यावर एचएसटी आणि ते ९.९५ मागितले जातात.