पेनड्राइव्ह खोचून जुना कॉम्प्युटर पळवायचा असेल तर

माझ्या जुन्या लॅपटॉपला २ जीबी रॅम, आत गरगर फिरणारी हार्डडिस्क आणि विंडोज ७. इंटरनेटला तो मी जोडत नाही, लिहिण्यापुरता ठेवलाय. बटण दाबून अंघोळीला जायचं, बाहेर येईतो डेस्कटॉप दिसतो. त्याला बाजूने कायम एक पेनड्राइव्ह चिकटलेला असतो, तो रेडीबूस्टसाठी, म्हणजे हार्डडिस्कवरच्या मजकुराच्या प्रती पेनड्राइव्हवर ठेवून काम लवकर करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीसाठी.

आधी एक गैरसमज काढून टाका. पेनड्राइव्ह लावला म्हणजे रॅम वाढली, असं होत नाही. हार्डडिस्कवर इथे-तिथे विखुरलेले बारीक तुकडे वाचायचे तर डिस्कचं हेड प्रत्येक वेळी जागा शोधत फिरतं आणि वेळ तिथेच जातो. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नाही, त्यामुळे असे तुकडे तो लवकर देतो. सलग मोठी फाइल वाचायची असेल तर मात्र हार्डडिस्कच बरी. विंडोज हा हिशेब स्वतःच करतं.

रॅम कमी पडली की हे तुकडे पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचावे लागतात. म्हणून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि रॅम किती भरलीय ते बघा. निम्मी रिकामी असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. आत हार्डडिस्कऐवजी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर पुढचं वाचूच नका. कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे असं सांगून विंडोज स्वतःच नकार देतं.

आता काम. पेनड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘रेडीबूस्ट’ टॅबवर जा. ‘डेडिकेट धिस डिव्हाइस’ निवडलं तर सगळी रिकामी जागा जाते. मी ‘यूज धिस डिव्हाइस’ निवडून स्लायडरने जागा ठरवतो. रॅमइतकी ते दुप्पट एवढी पुरते. मग अप्लाय, ओके. ड्राइव्हवर एक जाडजूड कॅश फाइल (त्या प्रती साठवणारी) तयार होते. तिला हात लावू नका.

माझा स्लायडर ४ जीबीच्या जरासा अलीकडेच अडून बसायचा. १६ जीबीचा ड्राइव्ह, तर मला वाटलं नकली माल गळ्यात मारला! दोष फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीचा होता. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केल्यावर अडचण गेली. फॉरमॅटने ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आतलं आधी दुसरीकडे काढून ठेवा.

विंडोज व्हिस्टामध्ये एकच ड्राइव्ह चालायचा, विंडोज ७ मध्ये एका वेळी आठ ड्राइव्हपर्यंत लावता येतात. मी एकावरच थांबलो, पोर्ट मुळात तीनच आहेत. कधी ‘हा ड्राइव्ह चालणार नाही’ असा निरोप येतो, म्हणजे तो फार संथ आहे. दुसरा लावून बघा.

चुकून उपटला तर? काही बिघडत नाही. त्यात असतं ते सगळं हार्डडिस्कवरही असतं, आणि ड्राइव्हवरची प्रत एन्क्रिप्ट केलेली असते, त्यामुळे तो हरवला तरी कुणाला आतलं वाचता येत नाही.

फरक पहिल्याच दिवशी शोधू नका, कॅश भरायला वेळ लागतो. माझ्याकडे लॅपटॉप सुरू व्हायला अजूनही तेवढाच वेळ लागतो. पण दुसरा प्रोग्रॅम सोडून वर्डवर गेलं की जो खोळंबा व्हायचा, तो कमी झालाय. रॅम वाढवता येत असेल तर आधी तीच वाढवा. माझ्या लॅपटॉपला जादा स्लॉटच नाही.