टोटल लॉस गाडीचं साल्व्हेज : लोखंड द्या, कागद सांभाळा

आमच्या नानांची पिकअप केळी घेऊन चोपड्याहून नाशिकला निघाली आणि लळिंग घाटात उलटली. नाना वाचले. गाडी धुळ्याच्या एका गॅरेजला पडून राहिली. पुढे विमा कंपनीच्या पत्रात ‘साल्व्हेज’ शब्द आला, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, “दी टाका नाना, भंगारच शे.” नाना सही करायला बसलेच होते. मी हात धरला.

साल्व्हेज म्हणजे नुकसान झाल्यावर उरलेल्या वस्तूची बाजारात येणारी किंमत. चांगलं इंजिन, टायर, मागची हौदी, सगळं त्यात मोजतात.  

आधी पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बघा. आमची ४,६०,००० होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी, धरतात. आमचं एस्टिमेट ३,७०,००० आलं, मर्यादा होती ३,४५,०००. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

खरा प्रश्न इथून पुढे येतो. सांगाडा तुम्ही ठेवलात तर साल्व्हेजची किंमत कापून उरलेले पैसे मिळतात. आम्हाला कंपनीने सांगाड्यासाठी एका घेणाऱ्याची १,१०,००० ची बोली दाखवली, म्हणजे हाती ३,५०,०००, त्यातून पॉलिसीतली सक्तीची वजावट (क्लेममधून कापली जाणारी ठरलेली रक्कम) जाणार. पण जळगावच्या भंगारवाल्याने त्याच सांगाड्याचे ८०,००० सांगितले. म्हणजे ३०,००० नानांच्या खिशातून जाणार होते! म्हणून कंपनीला लेखी विचारा : ही बोली कोणाची, तो माणूस याच भावात गाडी उचलेल का, किती दिवसांत? आम्ही विचारलं आणि बोलीवाल्यानेच ती उचलली. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातात, हेही ध्यानात ठेवा.

बोली दोन प्रकारची असते, आरसीसह (म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रासह) आणि आरसीशिवाय. आरसीसहची नेहमी जास्त. का, हे नानांना समजावायला मला एक संध्याकाळ लागली. घेणाऱ्याला कधीकधी लोखंडापेक्षा तुमचा चॅसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळख क्रमांक, हवा असतो. तो चोरीच्या गाडीवर चढला की उद्या पोलीस नानांचं दार वाजवणार. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करू नका, कोणी कितीही घाई करो.

गाडी परत रस्त्यावर येणार नसेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची. आमची नोंदणी एमएच १९ ची, म्हणून जळगावला गेलो. चॅसिस नंबरचा कापलेला तुकडा मागतात, तो सांगाडा उचलण्याआधीच कापून घ्या. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय मी नानांना घरी येऊ दिलं नाही.

कंपनीने किंमत चुकीची लावली असं वाटलं तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. खान्देशासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही. अर्जासोबत सर्व्हे रिपोर्ट, बोलीचं पत्र आणि भंगारवाल्याचं कोटेशन जोडा.